विहीणबाईंनी जिंकलेली बोट

जगात जिथे म्हणून काउंटर आहे, तिथे आमच्या विहीणबाई एकदा तरी भांडून आलेल्या आहेत. बँक असो, दवाखाना असो, विमानतळ असो की शारजातलं मासळीचं दुकान असो, पलीकडच्या माणसाने तोंड उघडायच्या आत यांचा डावा हात कमरेवर जातो आणि शब्द निघतात, "मॅनेजरला बोलवा." आधी मॅनेजर, मग काम काय ते. शारजाच्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीखाली एका मलबाऱ्याचं किराणा दुकान होतं. तिथे कोथिंबिरीच्या जुडीवरून यांनी मॅनेजर मागितला. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, मॅनेजर भी मैं, मालिक भी मैं, झाडू भी मैं ही मारता." विहीणबाईंनी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मग झाडू तरी नीट मारा." तेव्हापासून तो यांना कोथिंबीर फुकट द्यायचा आणि मला, जी कधी भांडली नाही, तिला जुडी पारखून घ्यावी लागायची.

या बाई म्हणजे माझ्या मुलाच्या सासूबाई. मी महाडकडची, चौथी शिकलेली, शारजात मुलाकडे राहणारी. गोड बोलणं मला जमत नाही, त्यामुळे मी कुणाचं कौतुक करायला बसले आहे असं समजू नका. जे घडलं ते सांगते. विहीणबाई पुण्याच्या. नवरा लवकर गेला, तेव्हा घरातच पाळणाघर काढून त्यांनी मुलीला वाढवलं. दोन खोल्यांत रांगणाऱ्या पोरापासून चौथीतल्या दांडग्यापर्यंत सगळी एकत्र. थोरल्याने धाकट्याला भरवायचं, धाकट्याने थोरल्याच्या चपला जाग्यावर ठेवायच्या, आणि रडायचं असेल तर सगळ्यांनी मिळून रडायचं, एकेकट्याने नाही, हा नियम. पाळणाघर बंद झालं तरी बाईंची सवय मोडली नाही. दोन मुलं कुठेही दिसली की यांनी त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिलेच. मॉलमध्ये एका अरबाची दोन मुलं सरकत्या जिन्यापाशी वेगवेगळी उभी होती. यांनी जाऊन त्यांची बोटं एकमेकांत अडकवली आणि आईकडे वळून म्हणाल्या, "आता सोडू नका." ती बाई शुद्ध मराठीत सांगितलेलं सगळं समजल्यासारखी मान डोलावून गेली.

मराठीतच बोलायच्या त्या सगळ्यांशी. समोरच्याला कळलं नाही तर तेच पुन्हा मोठ्याने आणि सावकाश. मदतीला अरबीतले मोजके शब्द होते. मुलांना उठवायला यल्ला, भांडण संपवायला खलास, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघताना इन्शाल्ला, आणि गणवेश घातलेल्या कुठल्याही माणसाला हबीबी. एकदा आम्ही दोघी खालिद तलावाच्या बाजूचा मोठा रस्ता भलत्याच जागी ओलांडत होतो. पोलिसाने हटकलं. मी गारठले. विहीणबाई म्हणाल्या, "हबीबी, गुडघे बघा माझे, आणि तो पूल बघा तुमचा." त्याने गुडघेही बघितले नाहीत आणि पूलही बघितला नाही. हात वर करून गाड्या थांबवल्या आणि आम्हाला पलीकडे जाऊ दिलं. पलीकडे पोचल्यावर मला म्हणतात, "चांगल्या घरचा मुलगा दिसतो."

आणखी एक खोड म्हणजे वयाची. आपल्याकडे जुन्या बायका वय पूर्ण झालेलं सांगत नाहीत, लागलेलं सांगतात. पाच पूर्ण झाली की सहावं लागलं. मीही तसंच सांगायची, पण इकडे आल्यावर सोडलं, कारण जिथे तिथे पासपोर्ट मागतात. विहीणबाईंनी सोडलं नाही. त्यांच्या हिशेबात घरातलं प्रत्येक माणूस पासपोर्टपेक्षा वर्षाने मोठं. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, इथे तर एकोणसत्तर लिहिलंय. या म्हणाल्या, "लिहिणाऱ्याने वाढदिवसाला लिहिलं असेल. सत्तरावं लागलंय. जगतेय मी, तो लिहिणारा नाही."

आणि सोडतीचा नाद. दुबई-शारजात कुठल्याही मॉलमध्ये काही विकत घेतलं की कूपन देतात, ते भरून काचेच्या पेटीत टाकायचं. लोक टाकतात आणि विसरतात. विहीणबाई टाकायच्या, पेटीला हात लावून नमस्कार करायच्या आणि सोडतीच्या दिवशी पहिल्या रांगेत जाऊन बसायच्या. दर वर्षी थंडीत त्या लेकीकडे यायच्या त्या निम्म्या नातवंडांसाठी आणि निम्म्या पेट्यांसाठी. इस्त्री लागली, कुकर लागला, एकदा पुरुषांच्या दाढीचं यंत्र लागलं, ते त्यांनी माझ्या मुलाला पाडव्याला दिलं. आणि मग मंदी आली त्या थंडीत त्यांना बोट लागली. म्हणजे बोटीची सहल. दुबईच्या बंदरातून निघायचं, मस्कत वगैरे करून परत. एका कुटुंबाला, आजीआजोबांसकट.

ती थंडी वाईट होती. आमच्या इमारतीत आज या मजल्यावरचा सोफा लिफ्टमधून खाली जायचा, उद्या त्या मजल्यावरचा. माझा मुलगा संजय हमरिया फ्री झोनमध्ये, टॉवरांना लागणाऱ्या लोखंडी सामानाच्या कारखान्यात होता. टॉवरच थांबले, तेव्हा कारखान्याने माणसं कमी केली आणि उरलेल्यांचे पगार निम्मे केले. संजय उरला, एवढंच. सूनबाई मुग्धा नोकरीला लागली. तरी दोन्ही मुलांची ती मोठी शाळा आणि दोन बेडरूमचं घर झेपेना. तेव्हा नवराबायकोंत ठरत आलं की आठ वर्षांच्या सईला पुण्याला आजीकडे ठेवायचं, तिथल्या शाळेत घालायचं, आणि पाच वर्षांचा अर्णव इथे आईबापाजवळ राहील. विहीणबाई एकट्याच असतात, त्यांनाही सोबत होईल. बोलायला सोपं होतं. अडचण एकच होती. अर्णव घराबाहेर कुणाशी बोलत नसे. त्याला जे हवं ते तो सईच्या कानात सांगायचा आणि सई मोठ्याने सांगायची. "ही वॉन्ट्स ज्यूस." "ही हॅज टू गो टू द वॉशरूम." शाळेत मधल्या सुट्टीत तो तिच्या वर्गाबाहेर जाऊन उभा राहायचा. सई गेली तर या मुलाचं तोंड कोण होणार?

मुग्धाने बोटीत त्याचाच निकाल लावायचा ठरवलं. बोटीवर मुलांसाठी क्लब होते, वयाप्रमाणे. तीन ते पाच एकीकडे, सहा ते आठ दुसरीकडे, त्याहून मोठी तिसरीकडे. मुलं तिथे दिवसभर खेळतात, आईबाप मोकळे. ती म्हणाली, "दोघांना आपापल्या क्लबमध्ये घालू. अर्णव सईशिवाय राहिला, तर पुण्याचं नक्की करू. नाही राहिला, तर काय करायचं ते देव जाणे. आणि आई, तू मध्ये पडायचं नाहीस. माई, तुम्हीही नाही." माई म्हणजे मी. मला सांगायची गरज नव्हती. विहीणबाईंना सांगून उपयोग नव्हता.

नाव घालायच्या काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती, हसरी, डोक्यावर माशाच्या आकाराची टोपी. तिने मुलांच्या मनगटावर बांधायला दोन पट्ट्या काढल्या, एक पिवळी आणि एक निळी. विहीणबाईंचा हात कमरेवर गेला. "रंग दोन का?"

"वेगळे ग्रुप आहेत, आई. प्लीज, सीन करू नकोस," मुग्धा म्हणाली.

"सीन कोण करतंय? हिला सांग, अर्णवचं सहावं लागलं. सिक्स! सिक्स्थ लागलंय!"

मुलगी खूश झाली. "ओह, ही इज सिक्स!" तिने पिवळी पट्टी ठेवून दुसरी निळी काढली. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की आता शिका काहीतरी. मुलीने विचारलं, "अँड द सिस्टर?" आणि विहीणबाई जन्माच्या सवयीने बोलून गेल्या, "तिचं नववं लागलं. नाइन्थ."

"नाइन!" मुलगी आणखी खूश. तिने सईची निळी पट्टी ठेवली आणि मोठ्या मुलांची लाल काढली.

"देन वी आर स्टिल नॉट टुगेदर, आजी," सई म्हणाली. अर्णवने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. सई म्हणाली, "ही सेज टेल हर आय अ‍ॅम ओन्ली एट."

मुग्धाने पासपोर्ट पुढे केले आणि पुन्हा पिवळी नि निळी पट्टी आली. विहीणबाई काउंटरवर हरलेल्या मी तेव्हाच बघितल्या, आणि त्याही स्वतःच्याच तोंडाने. मॅनेजर मागायचंही त्यांना सुचलं नाही. जेवायला बसलो तेव्हा म्हणाल्या, "एकाचं लागलेलं सांगायचं आणि दुसरीचं झालेलं. इतकं साधं. बुद्धी कुठे गेली होती माझी?" मी म्हटलं, पुण्याला राहिली असेल. त्यांनी माझ्या ताटातला पापड उचलून खाल्ला.

पहिला दिवस अर्णव राहिला. म्हणजे रडला नाही. दाराला काच होती, तिथे नाक लावून उभा राहिला. क्लबच्या ताईंनी रंग दिले, घेतले नाहीत. बिस्किट दिलं, हातात धरून ठेवलं. आणि लघवी लागली ती कुणाच्या कानात सांगणार, म्हणून सांगितलीच नाही. चड्डी ओली झाल्यावर क्लबवाल्यांनी मुग्धाला फोन केला. मुग्धा त्याला बदलून घेऊन आली, तोंड एवढंसं. पण आमची सूनही पुण्याचीच आहे. म्हणाली, "पहिलाच दिवस आहे. उद्या बघू." संजय समुद्राकडे बघत होता. माझा मुलगा काही ठरवायचं असलं की समुद्राकडे बघतो, आणि समुद्र नसला की टीव्हीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबवाल्यांनी मुलांना वरच्या उघड्या डेकवर आणलं. मधोमध एक दोरी बांधली. अलीकडे पिवळ्या पट्टीवाले, पलीकडे निळे. संजय आणि मुग्धा वरच्या मजल्यावर कठड्याशी चहा घेऊन बसले होते, तिथून सगळं दिसायचं. अर्णव आला तसा दोरीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पलीकडे सई, तिलाही खेळात लक्ष नाही. विहीणबाई माझ्या शेजारी आरामखुर्चीत होत्या. त्यांनी पदर खोचला. खाली कॅनव्हासचे बूट घातलेले होते, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"पाय मोकळे करायला."

त्या पाय मोकळे करायला सरळ निळ्या पट्टीवाल्यांत शिरल्या, टाळ्या वाजवल्या आणि ओरडल्या, "यल्ला! विषामृत!" हा खेळ सई-अर्णवला त्यांनीच तलावाकाठच्या बागेत शिकवलेला होता. ज्याच्यावर राज्य, त्याने विष म्हणून शिवलं की जागच्या जागी थिजायचं. आपल्यातल्या कुणी अमृत म्हणून शिवलं की सुटायचं. राज्य विहीणबाईंनी स्वतःवरच घेतलं. सईने बाकीच्या पोरांना इंग्रजीत समजावलं, आणि त्या गोऱ्या, काळ्या, अरबी, चिनी पोरांना केवढा आनंद झाला! एक म्हातारी साडी नेसून आपल्यामागे धावते आहे, हे त्यांनी बहुधा जन्मात बघितलं नसावं. बाई धावत होत्या तरी कशा! पाळणाघरात पळणारं पोर दारातच धरायचा सराव. उजवीकडे बघायचं आणि डावीकडचं पकडायचं. विष! विष! एकेक पोर पुतळा होत गेलं.

टोपीवाली मुलगी धावत आली. "मॅम, यू कान्ट, दिस इज ओन्ली फॉर किड्स."

"मॅनेजरला बोलवा," विहीणबाई न थांबता म्हणाल्या. ती खरंच बोलवायला गेली.

शेवटी एकटी सई उरली. ती चपळ. पण बाईंनी तिला दोरीकडे रेटत आणलं आणि दोरीपासून हातभर अंतरावर शिवलं. "विष!" सई थिजली. आता सोडवणारं कुणी राहिलं नाही, सगळेच पुतळे. मी अर्णवकडे बघत होते. त्याने आधी इकडे बघितलं, मग तिकडे बघितलं. सांगायला कान शोधत होता, आणि ज्या कानात सांगायचं ते कान तर समोर थिजून उभे होते. सईने ओठसुद्धा हलवला नाही. नियम म्हणजे नियम. त्याची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं, बसला आता रडायला, आणि विहीणबाईंच्या पाठीत एक घालावी असंही वाटलं.

तो रडला नाही. दोरीखालून वाकून गेला, दोन्ही हातांनी बहिणीला धक्का दिला आणि एवढ्या जोरात ओरडला, की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्याशी आली.

"अमृत!"

मग काय विचारता! सई सुटली, तिने दुसऱ्याला सोडवलं, अर्णवने तिसऱ्याला, आणि प्रत्येक वेळी तो ओरडत होता. त्याचं बघून सगळी पिवळी पोरं दोरीखालून घुसली. कुणी आपल्या भावाला शोधत होतं, कुणी बहिणीला. एका बाजूची दोरी सुटली, ती परत बांधायला कुणी गेलं नाही. लाल पट्टीवाले कुठून तरी आले. तेवढ्यात मॅनेजर आला. उंच गोरा माणूस, पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर पट्ट्या. तो म्हणाला, "मॅडम..." विहीणबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "विष, हबीबी."

तो उभाच राहिला. त्याला कुणी काही समजावलं नव्हतं, पण बोटभरही हलला नाही. सगळी पोरं खिदळायला लागली. शेवटी अर्णवच गेला आणि त्याच्या गुडघ्याला शिवून त्याला सोडवलं. मॅनेजरने वाकून अर्णवशी हात मिळवला आणि टोपीवालीला काहीतरी सांगितलं. खेळ संपायच्या आतच क्लबच्या दाराला कागद लागला. सईने वाचून दाखवला. भावंडांना एकत्र राहायचं असेल तर रोज सकाळी एकाच खोलीत राहता येईल, पट्टी कुठलीही असो. विहीणबाईंनी तो कागद नीट बघितला, एका कोपऱ्याची चिकटपट्टी दाबून घट्ट केली आणि म्हणाल्या, "खलास."

पण खलास कुठलं. खरं भांडण पुढेच होतं, आणि तिथे मॅनेजर कामाचा नव्हता. खेळ संपल्याबरोबर मुग्धा जिन्यावरून धावत आली, डोळ्यांत पाणी. "आई, बोलला गं तो! सगळ्यांसमोर ओरडला! म्हणजे राहील तो. आता सईला तू बरोबर घेऊन जा, मला काही काळजी नाही."

मी विहीणबाईंकडे बघितलं. जिंकलेला डाव असा उलटा फिरेल असं त्यांच्या मनातही नसणार. धापा टाकत खुर्चीत बसल्या होत्या, केस सुटलेले, एका बुटाची नाडी तुटलेली. पाण्याचा ग्लास त्यांनी खाली ठेवला.

"मुग्धे, तो ओरडला ते बघितलंस. कुणासाठी ओरडला, ते बघितलंस का?"

मुग्धा डोळे पुसायची थांबली.

"तिला सोडवायला ओरडला तो. तिलाच नेलीस, तर ओरडेल कुणासाठी?"

"अगं, पण परवडत नाही आई! हौस आहे का मला?"

"मग महागाची शाळा सोड. साधी असू दे, दोघं एका दारातून आत गेली की झालं. एक खोली भाड्याने दे. हाल काढा, पण चौघांनी मिळून काढा."

"आणि माई?"

"विहीणबाई हॉलमध्ये झोपतील," त्यांनी मला न विचारताच सांगून टाकलं. मी म्हटलं, झोपेन. आणि तेव्हा माझा संजय, जो बायकोपुढे बोलत नाही आणि सासूपुढे तर नाहीच, तो समुद्राकडे न बघता म्हणाला, "सई कुठेही जाणार नाही. ठरलं." मुग्धाने त्याच्याकडे असं बघितलं, की हा इतके दिवस कुठे होता. मग ती आईच्या खुर्चीपाशी खालीच बसली आणि तिच्या तुटक्या नाडीला गाठ मारत राहिली.

तसंच झालं पुढे. एक बेडरूम रत्नागिरीकडच्या एका नव्या जोडप्याला दिली, ती मुलगी फार छान कालवण करायची. मुलं साध्या शाळेत गेली, एकाच बसने. मी हॉलमध्ये त्यांच्या मध्ये झोपायची. मी घोरते, त्याची त्यांना सवय झाली. अर्णव पहिले काही महिने सईच्या कानाशी जायचा, मग विसरायला लागला. आता तो इतका बोलतो, की मी त्याला गप्प बसायचे पैसे देते. मंदीही पुढे सरली. संजयला दुबईतल्या अल क्वोजमध्ये एका वर्कशॉपात बरं काम मिळालं. सगळे विहीणबाईंचं नाव काढतात. त्यांनी फोनवर एकदाच विचारलं, "बसने जाताना शेजारी बसतात ना?" बसतात म्हटल्यावर बोलायला आणखी काही नसल्यासारखा फोन ठेवला.

पुढच्या वर्षी मी भारतात गेले तेव्हा पुण्यात त्यांच्याकडे उतरले. पाळणाघर चालायचं त्या दोन खोल्या, झाडून लख्ख. आतल्या खोलीत खिडकीशी एक नवं टेबल होतं. लहान, आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीचं. वर दिवा, खाली दप्तर अडकवायला खुंटी. टेबलावर धुतलेल्या पंचावर पोह्याचे पापड वाळत घातले होते.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"बोटीच्या आधी. तिकडूनच फोन करून सुताराकडून करून घेतलं." पापड उलटता उलटता त्या म्हणाल्या. "ऊन चांगलं येतं इथे."

त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. मुग्धाला नाही, मला नाही. एवढ्या भांडखोर बाईने कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे स्वतःसाठी कधी मॅनेजर बोलावला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी उभीच होते, तर त्यांनी टेबलापुढची छोटी खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली.

"बसा हो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "ती रिकामीच असते."